धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचं काम स्थानिक ठेकेदाराला कसं मिळतं? मुंबईतल्या नवख्यांसाठी

वर्सोवा असो, मढ असो की गोराई, समुद्राने किनारा खाऊ नये म्हणून बांधायच्या बंधाऱ्याच्या कामाचा नारळ फुटला की गर्दीतून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "काम स्थानिकांनाच मिळालं पाहिजे." बोलणारा बहुतेकदा मनापासून बोलतो. पण तोवर कार्यादेश (वर्क ऑर्डर) निघालेला असतो आणि स्थानिकाच्या वाट्याला उरतो तो पाण्याचा टँकर, नाहीतर माती ओढायचा डंपर. प्राधान्य हवं असेल तर नारळाच्या कितीतरी महिने आधी, निविदेचा मसुदा कच्चा असताना हालचाल करावी लागते.

हा लेख ज्यांनी अजून एकही सरकारी निविदा भरलेली नाही त्यांच्यासाठी आहे. नुकताच पदविका घेतलेला स्थापत्य अभियंता, दोन-चार माणसांची बांधकाम फर्म, कोळीवाड्यातली एखादी संस्था, अशांसाठी.

आधी कायदा काय देतो ते नीट समजून घ्या

"मुंबईचा पत्ता दाखवा आणि काम घ्या" असं कलम कुठेही नाही. अमेरिकेत स्टॅफर्ड कायद्याखाली आपत्तीनंतरच्या कामांत बाधित भागातल्या संस्थांना प्राधान्य देता येतं. आपल्याकडे तशी सरसकट सोय नाही, कारण राज्यघटनेचं कलम 14 (समानता) आणि 19(1)(छ) (व्यवसायाचं स्वातंत्र्य) आडवं येतं. सरकार कंत्राट देतं तेव्हा ते मनमानी करू शकत नाही, हे तत्त्व ज्या खटल्यामुळे घट्ट झालं तो 1979 चा खटला मुंबईचाच, सांताक्रूझ विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेवरून झालेला. अगदी अलीकडे, ऑक्टोबर 2025 मध्ये, छत्तीसगड सरकारच्या एका पुरवठा निविदेत "याच राज्यातल्या सरकारी संस्थांना पूर्वी माल पुरवलेला असावा" अशी अट होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. तेव्हा "फक्त स्थानिकांसाठी" अशी ओळ निविदेत घालून घेण्यात यश आलं, तरी ती न्यायालयात टिकेल यावर पैसे लावू नका.

मग मिळतं काय? केंद्राचा 2017 चा मेक इन इंडिया खरेदी आदेश आहे. तो ठेकेदाराचा पत्ता पाहत नाही. कामातला भारतीय मालाचा वाटा पाहतो. 50 टक्के किंवा अधिक असेल तर पहिला वर्ग, 20 ते 50 टक्क्यांच्या मध्ये दुसरा. पण दगडी बंधाऱ्यात दगड, सिमेंट, सळई, मजुरी सगळं भारतीयच. म्हणजे सगळेच निविदाकार पहिल्या वर्गात बसतात आणि तुम्हाला त्याचा वेगळा फायदा उरत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी 25 टक्के खरेदी राखणारं 2012 चं धोरणही लोक उत्साहाने पुढे करतात. ते वस्तू आणि सेवांसाठी आहे, बांधकामाच्या ठेक्याला त्याचा आधार मिळत नाही. टेट्रापॉडचे (लाटा अडवणाऱ्या चार पायांच्या काँक्रीट ठोकळ्यांचे) साचे किंवा भू-वस्त्र (दगडाखाली अंथरायचं कापड) पुरवणार असाल तर गोष्ट वेगळी.

खऱ्या अर्थाने लहान माणसाच्या हाती लागणारी तरतूद राज्याची आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ठरावीक रकमेखालच्या कामांचं वाटप 33 टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंते, 33 टक्के मजूर सहकारी संस्था आणि 34 टक्के खुले ठेकेदार असं होतं. रकमेची मर्यादा शासन निर्णयाने बदलत राहते, म्हणून ताजा निर्णय स्वतः वाचा, ऐकीव आकड्यावर जाऊ नका. आणि प्रत्येक कार्यालय ही पद्धत आपल्या कामांना लावतंच असं नाही. संबंधित कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयात जाऊन विचारणं हाच मार्ग.

किनारा कोणाच्या ताब्यात आहे ते शोधा

मुंबईत एकाच वाळूवर चार मालक भेटतात. उपनगरातल्या बऱ्याच किनाऱ्यांवर धूपप्रतिबंधक कामं महाराष्ट्र सागरी मंडळ करतं. शहरातल्या समुद्रभिंती, पर्जन्यजल वाहिन्यांची तोंडं, किनारी रस्ता हे महापालिकेकडे. पूर्व किनाऱ्याचा मोठा भाग मुंबई बंदर प्राधिकरणाकडे, म्हणजे केंद्राकडे. शिवाय पैसा जिल्हा नियोजन समितीचा असू शकतो, आणि मुंबई शहर व मुंबई उपनगर यांच्या समित्या वेगळ्या. ज्या भागात काम करायचं आहे तिथली गेल्या काही वर्षांतली कामं कोणी काढली, कोणत्या निधीतून, कोणत्या अटींवर, हे माहिती अधिकारात मागवा. शुल्क 10 रुपये. एवढ्या स्वस्तात एवढी उपयोगी माहिती दुसरीकडे मिळत नाही.

नोंदणी: कोणत्या रांगेत उभं राहायचं

अभियंता असाल तर सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करा. ती ठरावीक काळापुरती असते आणि तिच्यावर घेता येणाऱ्या कामांनाही मर्यादा असते, म्हणून पहिली दोन वर्षं वाया घालवू नका. फर्म असेल तर ठेकेदार नोंदणी वर्गवार होते, आपल्या भांडवलाला झेपेल त्याच वर्गासाठी अर्ज करा. पॅन, जीएसटी, भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा, उद्यम नोंदणी आणि वर्ग 3 ची डिजिटल स्वाक्षरी हे सगळं निविदा येण्याच्या आधी तयार हवं. महाटेंडर या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर शेवटच्या दिवशी स्वाक्षरीची किल्ली चालत नाही म्हणून बाद झालेले लोक कमी नाहीत.

कोळीवाड्यांसाठी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. मच्छीमार सहकारी संस्था म्हणजे मजूर सहकारी संस्था नव्हे. दोन्ही 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखालीच नोंदल्या जातात, पण मजुरांच्या वाट्याची 33 टक्के कामं फक्त मजूर संस्थेला मिळतात आणि तिचे सभासद खरोखर अंगमेहनतीचं काम करणारे असावे लागतात. मच्छीमार संस्थेच्या लेटरहेडवर कितीही निवेदनं दिली तरी या वाटपात नाव येणार नाही. पावसाळी मासेमारी बंदीत आणि आता एरवीही ज्या घरांतली तरुण मुलं बांधकामावर जातात, त्यांची वेगळी मजूर संस्था काढणं शक्य आहे. त्यासाठी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जा आणि जिल्हा मजूर संस्था फेडरेशनशी आधीच बोलून घ्या. मात्र संस्था कागदावर काढून काम दुसऱ्या ठेकेदाराला टक्क्यावर द्यायचा विचार असेल तर हा लेख इथेच सोडा. मजूर संस्थांचं नाव याच धंद्याने खराब केलं आहे.

निविदा वाचणे, आणि निविदापूर्व बैठकीत तोंड उघडणे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्राधान्य मिळतं किंवा हुकतं ते याच टप्प्यावर, आणि नवखे लोक नेमका हाच टप्पा सोडून थेट दर भरायला बसतात.

पहिली अट समान स्वरूपाच्या कामाच्या अनुभवाची. केंद्रीय दक्षता आयोगाने 2002 मध्ये दिलेला ठोकताळा असा: गेल्या 7 वर्षांत अंदाजित रकमेच्या 80 टक्क्यांचं एक काम, किंवा 50 टक्क्यांची दोन, किंवा 40 टक्क्यांची तीन. समजा काम 2 कोटींचं आहे. मग 1 कोटी 60 लाखांचं एक, 1 कोटीची दोन किंवा 80 लाखांची तीन कामं दाखवावी लागतील. वार्षिक सरासरी उलाढाल 30 टक्के, म्हणजे 60 लाख. राज्याच्या निविदांत टक्के वेगळे असतात, पण मांडणी अशीच. आता पाहायचं ते "समान काम" कशाला म्हटलंय. साधी दगडी पिचिंगची (उतारावर बसवलेल्या दगडांची) दुरुस्ती असताना "समुद्रात टेट्रापॉड बसवल्याचा अनुभव" मागितला असेल तर लहान ठेकेदार तिथेच संपला.

दुसरी गोष्ट कामाचा आकार. तीन वेगळ्या किनाऱ्यांची कामं एकत्र बांधून एक मोठी निविदा काढली की ती मोठ्या कंपनीच्याच आवाक्यात राहते. उलट, ई-निविदा टाळण्यासाठी एकाच बंधाऱ्याचे तुकडे पाडणं नियमबाह्य आहे. या दोहोंच्या मधली जागा कायदेशीर आहे: किनारा वेगळा, पोहोचरस्ता वेगळा, आराखडा वेगळा, तर निविदाही वेगळी.

तिसरी, निविदा क्षमतेची, म्हणजे तुम्हाला किती रकमेपर्यंतचं काम घेता येईल याची. सूत्र साधारण असं: सर्वाधिक वार्षिक उलाढाल गुणिले कामाचा कालावधी वर्षांत, गुणिले 2, वजा हातातली कामं. तुमची उलाढाल 80 लाख, हातात 30 लाखांचं काम आणि निविदेचा कालावधी 6 महिने धरा. क्षमता 50 लाख येते. कालावधी पावसाळ्यासह 12 महिने असेल तर तीच क्षमता 1 कोटी 30 लाख होते. समुद्रातलं काम पावसाळ्यात बंद ठेवावंच लागतं, त्यामुळे पावसाळा धरून कालावधी मागणं ही रास्त मागणी आहे. लहान ठेकेदाराला तिचा असा आपोआप फायदा होतो. हे गणित माहीत असलेले लोक फार थोडे भेटतात.

आता मुद्द्याचं. बैठकीत "आम्ही भूमिपुत्र आहोत" असं सांगून उपयोग नाही. कार्यकारी अभियंत्याला ते पटलं तरी कागदावर घेता येत नाही. पत्त्याऐवजी कामाची गरज बोला. आयएस 4926 प्रमाणे तयार काँक्रीट भरल्यापासून 2 तासांत जागेवर पोहोचायला हवं, म्हणून मिश्रण प्रकल्प तेवढ्या अंतरात असावा, ही अट टिकते, कारण ती काँक्रीटमधून निघाली आहे. दोषदायित्व कालावधीत (काम झाल्यावर ठेकेदाराने दोष दुरुस्त करून द्यायचा काळ) उधाणानंतर 24 तासांत पाहणी आणि 72 तासांत दुरुस्तीचं पथक, ही अटही टिकू शकते. दोन्ही अटी कोणालाही पाळता येतात, फक्त जवळच्याला त्या स्वस्तात पाळता येतात. माझ्या मते स्थानिक प्राधान्य मागायची एवढी एकच रीत निविदेत चालते.

जागेची माहिती असलेल्या माणसाचं म्हणणं मुंबईत ऐकलं गेल्याचं उदाहरणही आहे. किनारी रस्त्याच्या वेळी वरळीच्या क्लीव्हलँड बंदरातल्या मच्छीमारांनी पुलाच्या दोन खांबांमधलं 60 मीटर अंतर बोटींना धोक्याचं आहे असं लावून धरलं, आणि महापालिकेने ते 120 मीटर करायचं मान्य केलं. फार भांडावं लागलं, पण युक्तिवाद प्रवाहाचा आणि बोटींचा होता म्हणून तो तांत्रिक कागदावर उतरू शकला.

बैठकीआधी प्रश्न लेखी पाठवा. असा (परिमाण पत्रक म्हणजे कामाच्या बाबी आणि त्यांची मापं यांची यादी):

"निविदेतील समान कामाच्या व्याख्येत फक्त समुद्रातील टेट्रापॉड बसवण्याचा अनुभव ग्राह्य धरला आहे. प्रस्तुत कामाच्या परिमाण पत्रकात टेट्रापॉडची बाब नाही. तरी खाडी, नदीकाठ, जेट्टी येथील दगडी संरक्षणकामाचा अनुभव ग्राह्य धरावा, ही विनंती."

उत्तर सीएसडी (निविदेतल्या बदलांचं सर्वांसाठीचं पत्रक) किंवा शुद्धिपत्रकातून सगळ्यांसाठी संकेतस्थळावर येतं. तोंडी "बघू, होऊन जाईल" याला किंमत शून्य.

दर भरण्याआधी समुद्राचं वेळापत्रक घ्या

दरसूचीतले दर सगळ्यांना सारखे. नफा-तोटा ठरतो तो पाण्यावर. बंधाऱ्याचा पायथा उधाणाच्या सुकतीलाच नीट उघडा पडतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी पुरेसं मागे जातच नाही. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठी भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री येते, म्हणजे खोल सुकती पहाटे-सकाळी आणि संध्याकाळी. नेमक्या त्याच वेळी रस्त्यावर गर्दीमुळे अवजड वाहनांना बंदी. पायथा उघडा आहे, पोकलेन उभा आहे आणि दगडाचा डंपर कुठल्याशा नाक्यावर अडकलाय, हे दृश्य परक्या ठेकेदाराच्या कामावर नेहमीचं. म्हणून दगड रात्री आणून साठवायला किनाऱ्याजवळ जागा लागते. ती कोण देणार, भाडं काय, परवानगी कोणाची, हे दर भरण्यापूर्वी ठरलेलं असावं. जवळच्या माणसाचा खरा फायदा इथे आहे.

दगड ठाणे, रायगड, पालघरच्या खाणींतून येतो. स्वामित्वधनाची (रॉयल्टीची) पावती आणि महाखनिज या सरकारी प्रणालीवरचा वाहतूक परवाना प्रत्येक फेरीला हवा, नाहीतर बिलातून कपात होते. बेसॉल्टचा अखंड घनमीटर 2.8 टनांच्या आसपास भरतो, पण रचलेल्या बंधाऱ्यात पोकळी सुमारे 40 टक्के असते, म्हणजे एका घनमीटर भरावाला साधारण 1.7 टन दगड पुरतो. खाणवाला ब्रासमध्ये बोलतो (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट), वजनकाटा टनांत, निविदा घनमीटरमध्ये. तिन्ही एका कागदावर जुळवा. वाळूत रुतणारा दगड वेगळा धरा. आराखड्यात नसला तरी तो जातोच.

आराखड्यावरच्या पातळ्या कोणत्या आधारपातळीवरून दिल्यात ते विचारा. नौकानयनाची चार्ट पातळी आणि सरासरी समुद्रपातळी यांत मुंबईत सुमारे अडीच मीटरचा फरक आहे, आणि महापालिकेची टाऊन हॉल पातळी तिसरीच. यात गोंधळ झाला तर पायथ्याचं खोदकाम अंदाजाच्या बाहेर जातं. काँक्रीटबाबत आयएस 456 मध्ये भरतीच्या पट्ट्यातला भाग सर्वात तीव्र वर्गात धरला आहे: सळईचं काँक्रीट किमान एम 40, बिनसळईचं एम 25. परिमाण पत्रकात याहून कमी दर्जा दिसला तर बैठकीतच विचारा.

आणि काम मिळावं म्हणून अंदाजित रकमेपेक्षा वीस-पंचवीस टक्के कमी (बिलो) दर भरू नका. ठरावीक टक्क्यांच्या खाली गेलं की जादा अनामत भरावी लागते, भांडवल तिथेच अडकतं. मग पहिला फटका भू-वस्त्राच्या थराला बसतो, कारण तो दगडाखाली झाकला जातो. पुढच्या उधाणात ते उघडं पडतंच.

परवानग्या

परवानग्या काढणं ठेकेदाराचं काम नसतं, पण त्या नसल्या तर काम तुमचंच थांबतं. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेखाली धूप रोखायची कामं परवानगीने करता येतात, शिफारस महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने आराखडा तपासला आहे का, तेही पाहा. तिवरं किंवा त्यांच्या भोवतीचा 50 मीटरचा पट्टा येत असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालामुळे सार्वजनिक कामालाही न्यायालयाची परवानगी लागते. आक्सा किनाऱ्यावरच्या भिंतीचा वाद हरित लवादापर्यंत गेला होता, हे लक्षात ठेवून परवानग्यांच्या प्रती निविदेसोबतच मागा.

मोठ्या कंपनीखाली काम घेताना

पहिला अनुभव बहुतेकांना असाच मिळतो, त्यात कमीपणा नाही. फक्त उपठेक्याला विभागाची लेखी मान्यता आहे का ते पाहा. अनेक निविदांत मान्यतेविना केलेल्या उपठेक्याचा अनुभव धरत नाहीत, आणि दोन वर्षं राबून हाती काही उरत नाही. कामगारांची नोंदणी कोण करणार आणि बांधकाम कामगार कल्याणाचा 1 टक्का उपकर कोण भरणार हे करारात लिहा.

पैशाबाबत एक बारकावा. सूक्ष्म-लघु उद्योगांना 2006 च्या कायद्याने 45 दिवसांत पैसे मिळायचा हक्क आहे, पण बांधकामाचा ठेका त्यात बसत नाही असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने दिला आहे. म्हणून शक्य असेल तिथे पुरवठ्याचा भाग वेगळा ठेवा. तुम्ही स्वतः टेट्रापॉड ओतून विकत असाल, तर तो पुरवठा वेगळ्या खरेदी आदेशावर आणि वेगळ्या बिलावर घ्या, बसवायची मजुरी दुसऱ्या करारावर.

रिंग आणि दमदाटी

चार स्थानिक ठेकेदारांनी आधी बसून "या वेळी तू, पुढच्या वेळी मी" ठरवणं हा 2002 च्या स्पर्धा कायद्याचा भंग आहे, ओळखीतलं असलं तरी. बाहेरच्या ठेकेदाराच्या गाड्या अडवून काम मागणं हा तर सरळ गुन्हा. दोन्हींचा परिणाम एकच होतो: पुढच्या निविदेत अनुभवाची अट आणखी वर जाते, आणि ज्याने काहीच केलं नाही तो लहान ठेकेदारही बाहेर फेकला जातो.

काम मिळाल्यावर

सुरुवातीच्या पातळ्या कनिष्ठ अभियंत्यासोबत संयुक्त सहीने नोंदवा, तारीख आणि भरतीच्या वेळेसकट. एका उधाणाने वाळूची पातळी बदलते आणि नंतर खोदकामाचा पुरावा राहत नाही. झाकला जाणारा प्रत्येक थर मोजमाप पुस्तिकेत चढल्याशिवाय वरचा दगड टाकू नका. धावत्या (काम चालू असतानाच्या) बिलातून आयकर, जीएसटीची उगमकपात, उपकर, सुरक्षा अनामत असं सगळं कापून हाती काय येईल ते आधीच मांडून ठेवा. पहिल्या बिलापर्यंतचा खर्च स्वतःच्या खिशातून करायची तयारी नसेल तर काम लहान घ्या.

दोषदायित्व कालावधीतल्या पहिल्या पावसाळ्याआधी आणि नंतर त्याच जागेवरून, त्याच सुकतीला छायाचित्रं काढा. काम पूर्णत्वाचा दाखला घेताना नुसतं "बंधाऱ्याचे काम समाधानकारक" एवढ्यावर परत येऊ नका. लांबी, दगडाचं वजन, काँक्रीटचा दर्जा, "समुद्राच्या भरतीच्या पट्ट्यातील काम" हे शब्द आणि अंतिम रक्कम दाखल्यात लिहून घ्या. पुढच्या निविदेत समान कामाची छाननी करणारा कारकून तेवढंच वाचणार आहे.